चार घरांचा शेजार

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळची गोष्ट. आमच्या गल्लीत वृत्तपत्रे टाकणारा मुलगा माझ्या दाराशी सायकल थांबवून म्हणाला, "टीचर, कोपऱ्यावरच्या बाईंच्या पायरीवर कालचा पेपरही तसाच पडलाय." त्या बाई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशीच्या पुढे, घरात एकट्या. आम्ही चार माणसे गोळा झालो, मागचे दार उचकटले. बाई न्हाणीघरात पडलेल्या होत्या. कंबरेचे हाड मोडले होते, पण प्राण शाबूत होते. त्या तेथे जवळजवळ दीड दिवस होत्या.

बाईंना निवृत्तिवेतन मिळत होते. परदेशी असलेला मुलगा दर रविवारी न चुकता फोन करीत असे. औषधे, धान्य, पैसा, कशाचीही वाण नव्हती. वाण होती ती दुसऱ्या दिवशी दार ठोठावणाऱ्या माणसाची. आणि सांगण्यास लाज वाटते ती गोष्ट अशी की, मी स्वतः त्यांच्यापासून तीन घरे सोडून राहते. रस्त्यात भेटल्या तर "बाई, कशा आहात?" असे मी नेहमी विचारीत असे. परंतु त्या दिसल्या नाहीत तर विचारावयाचे कोणी, हे आमच्या गल्लीत कधी ठरलेच नव्हते.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे असेल, पण त्या दिवसापासून एक हिशेब माझ्या मनात घोळत राहिला. वृद्धांची, आजाऱ्यांची, अडलेल्या कुटुंबांची विचारपूस सर्वांनी करावी असे आपण म्हणतो. पण जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नसते. मग एका माणसाच्या वाट्याला किती घरे द्यावीत, म्हणजे ते काम खरोखर होईल? हा प्रश्न मला प्रथम सुचला असे मात्र नाही. 1853 साली जर्मनीतील एका गिरणगावाने तो सोडवून पाहिला होता आणि त्याचे उत्तर आकड्यात दिले होते. तो आकडा होता चार. आज मी आपणांस त्या आकड्याचीच कथा सांगणार आहे.

जर्मनीच्या पश्चिम भागात वुपर नावाच्या लहानशा नदीच्या काठी एल्बरफेल्ड नावाचे शहर होते. 1929 साली ते शेजारच्या बार्मेन शहराशी जोडले गेले आणि आज त्या जोडशहरास वुपरटाल म्हणतात. सूत धुणे, विणणे आणि रंगविणे हा तेथील मुख्य धंदा. फ्रीडरिश एंगेल्स हा बार्मेनचाच. अवघ्या अठरा वर्षांचा असताना, 1839 साली, त्याने या खोऱ्याविषयी जे लेख लिहिले, त्यांत रंगशाळांच्या पाण्याने नदी लाल झाल्याचे आणि कामगारांच्या विपन्नावस्थेचे वर्णन आहे. गिरण्या आल्या, खेड्यांतून माणसे आली. पण मंदी आली की त्याच माणसांच्या हाताचे काम जाई. 1852 च्या सुमारास शहराची वस्ती 50,000 च्या आसपास होती आणि सार्वजनिक साहाय्यावर जगणाऱ्यांची संख्या 4,000 च्या घरात पोहोचली होती. म्हणजे दर बारा-तेरा माणसांमागे एक.

गरिबांना पोसण्याचे काम चर्चांनी करावे की नगरपालिकेने, यावर बराच वाद झाला. पैसा दरवर्षी अधिक खर्च होई आणि दैन्य मात्र हटत नसे. नगरपालिकेच्या वतीने गरिबांची चौकशी करणारे स्वयंसेवक पूर्वीही होते. परंतु ते थोडे आणि त्यांच्याकडे सोपविलेली कुटुंबे फार. ज्याच्या वहीत पन्नास नावे आहेत, तो नावे वाचतो, माणसे पाहत नाही. दानिएल फॉन डर हाइट हा सावकार आणि गुस्ताव श्लीपर व दाविद पेटर्स हे त्याचे सहकारी यांनी नेमके हेच वैगुण्य ओळखले, आणि 1 जानेवारी 1853 पासून शहरात नवी पद्धत सुरू झाली.

तिची रचना एखाद्या सोप्या भागाकारासारखी होती. शहराचे दहा विभाग करण्यात आले. प्रत्येक विभागाचे पंधरा मोहल्ले. प्रत्येक मोहल्ल्याला एक बिनपगारी सेवक. असे दीडशे सेवक झाले. नियम असा की, एका सेवकाकडे चारांहून अधिक प्रकरणे असू नयेत, मग ते प्रकरण म्हणजे एकटा वृद्ध असो की मुलाबाळांचे कुटुंब असो. पुढे वस्ती वाढली तेव्हा नगरपालिकेने एकेका सेवकाच्या माथी अधिक घरे मारली नाहीत. तिने सेवक वाढविले. 1860 नंतरच्या दशकात अठरा विभाग व 252 मोहल्ले झाले. श्रोतेहो, माझ्या मते या साऱ्या योजनेचे मर्म येथे आहे. काम वाढले तर माणसे वाढवावयाची. चार हा आकडा मोडावयाचा नाही.

सेवकाने काय करावयाचे? गरजूने प्रथम आपल्या मोहल्ल्याच्या सेवकाकडे जावे. सेवकाने स्वतः त्याच्या घरी जाऊन ठरीव प्रश्नांचा तक्ता भरावा. घरात माणसे किती, कमावते किती, भाडे काय, आजार कोणता, नातेवाईक कोण. मग दर पंधरवड्याला विभागातील सर्व सेवकांची बैठक भरे आणि तेथे एकेका घराचा विचार होऊन साहाय्य मंजूर होई. ते फक्त पुढील चौदा दिवसांपुरते. चौदा दिवस सरले की सेवकाने पुन्हा त्या घरी जावे, पुन्हा पाहावे, पुन्हा सांगावे. कोणाला एकदा मदत लावून दिली आणि मग वर्षभर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, असे या पद्धतीत होऊच शकत नसे. दारात जाणे हा सेवकाच्या स्वभावाचा भाग राहिला नाही, तो नियमाचा भाग झाला.

हे सेवक कोण होते? दुकानदार, कारागीर, कारखानदार, कारकून. त्याच वस्तीत राहणारे, त्याच रस्त्याने जाणारे. नेमणूक तीन वर्षांची असे आणि ती सबळ कारणावाचून नाकारता येत नसे. नाकारणाऱ्याचा मताधिकार काही वर्षांसाठी काढून घेण्याची आणि त्याच्यावर वाढीव कर बसविण्याची तरतूद प्रशियाच्या नगरपालिका कायद्यात होती. ज्याला नगराच्या कारभारात मत हवे, त्याने नगरातील दैन्याचे ओझेही उचलावे, असा हा न्याय होता. आज आपणांस तो कठोर वाटेल. परंतु हक्क आणि कर्तव्य यांची इतकी रोखठोक सांगड इतिहासात फार ठिकाणी घातलेली दिसत नाही.

परिणाम लवकर दिसला. पाच वर्षांच्या आत साहाय्य घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. वस्ती मात्र वाढतच होती. 1871 साली अँड्र्यू डॉयल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एल्बरफेल्डच्या पद्धतीवर आपल्या सरकारला अहवाल दिला. जर्मनीतील अनेक नगरांनी ती उचलली. ड्रेस्डेन, कोलोन, हँबुर्ग ही त्यांतील मोठी नावे. हँबुर्गचा उल्लेख मुद्दाम करते. कारण 1788 साली याच शहराने आपले 60 विभाग करून प्रत्येकात तीन, असे 180 स्वयंसेवक नेमले होते. पुढे नेपोलियनच्या युद्धांत शहराचा व्यापार बुडाला आणि ती व्यवस्थाही बुडाली. एक शतक लोटल्यावर, 1893 साली, हँबुर्गने एल्बरफेल्डचा कित्ता गिरविला.

परंतु केवळ गुणगान करून थांबणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. संख्या घटली ती सारी दैन्य घटल्यामुळे नव्हे. अंगात बळ असलेल्याला काम पत्करल्यावाचून काही मिळत नसे, आणि चौकशी इतकी बारीक असे की पुष्कळजण मानापोटी मागणेच सोडून देत. चौकशी करणारा सुखवस्तू, चौकशी होणारा निर्धन. सेवकाच्या सौजन्यावर गरिबाची भाकरी अवलंबून होती. चार घरे नीट ओळखणारा माणूस त्या चार घरांचा आधार होऊ शकतो, तसाच त्यांचा पहारेकरीही होऊ शकतो. हा धोका एल्बरफेल्डमध्ये होता. जेथे जेथे साहाय्य करणारा व साहाय्य घेणारा समोरासमोर येतात, तेथे तो आजही आहे.

दुसरा दोष काळाने उघड केला. ही पद्धत शेजारावर उभी होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच विरघळू लागला. कामगार आज या वस्तीत तर उद्या त्या वस्तीत. श्रीमंतांचे मोहल्ले वेगळे, गरिबांचे वेगळे. ज्या मोहल्ल्यात गरजू अधिक, तेथे सेवक होऊ शकणारे थोडे. तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहराने 1905 साली नवा मार्ग काढला. साहाय्य द्यावयाचे की नाही याचा निर्णय व कागदोपत्री काम पगारी, शिक्षित अधिकाऱ्यांकडे आणि घरोघर जाऊन धीर देण्याचे काम स्वयंसेवकांकडे. आधुनिक समाजकल्याण खात्याचा पाया एका अर्थाने येथे घातला गेला. एल्बरफेल्डचा दीनसेवक हळूहळू मागे पडला.

येथेच ही कथा संपावयाची. परंतु इतिहासात कल्पना कधी कधी आपल्या जन्मगावी मावळतात आणि दूरदेशी उगवतात. एल्बरफेल्डची कल्पना उगवली ती जपानात.

1916 साली जपानच्या सम्राटाने ओकायामा प्रांताचे गव्हर्नर कासाई शिन्इची यांना एक साधा प्रश्न विचारला: "तुमच्या प्रांतात गरीब लोकांची स्थिती कशी आहे?" गव्हर्नरांपाशी उत्तर नव्हते. परत जाऊन त्यांनी पाहणी करविली, तेव्हा सुमारे दहांत एक घर अत्यंत हलाखीत असल्याचे आढळले. 1917 च्या मे महिन्यात त्यांनी गावोगावी गरिबांना सल्ला व साहाय्य देणारे मानद सल्लागार नेमले. पुढच्याच वर्षी, 1918 च्या उन्हाळ्यात, तांदळाचे भाव कडाडले. तोयामा प्रांतातील उओझू या बंदरात कोळ्यांच्या बायका तांदूळ बाहेर नेण्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता दंगलीचे लोण देशभर पसरले. ओसाकासारख्या औद्योगिक शहरात सैन्य बोलवावे लागले.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील एक प्रसंग जपानात आजही सांगितला जातो. ओसाकाचे गव्हर्नर हायाशी इचिझो केशकर्तनालयात बसले होते. समोरच्या आरशात त्यांना रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्यावर एक स्त्री मुलांना घेऊन सायंदैनिके विकीत उभी होती. गव्हर्नरांनी तिची चौकशी करविली. नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि वृत्तपत्रांच्या विक्रीवर सारे घर चालले होते. शहरात अशी घरे किती असतील आणि आपणांस त्यांतील एकही ठाऊक नाही, हा विचार त्यांना टोचत राहिला. श्रोतेहो, वृत्तपत्रे विकणाऱ्या त्या स्त्रीची हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतील तो सायकलवाला मुलगा उभा राहिला.

हायाशींच्या मदतीला होते ओगावा शिगेजिरो. हे कायदेपंडित, कारागृहसुधारणेचे अभ्यासक आणि जर्मन संस्थांचे जाणकार. त्यांना एल्बरफेल्ड ठाऊक होते. 1918 च्या ऑक्टोबरात ओसाकात 'होमेन इइन' ही व्यवस्था सुरू झाली. होमेन म्हणजे विभाग, इइन म्हणजे नेमलेला सभासद. विभाग कसा आखावयाचा? ओगावांनी प्राथमिक शाळेची हद्द धरली. जेवढ्या वस्तीतील मुले एका शाळेत जातात तेवढा एक विभाग. शिक्षिका म्हणून मला ही निवड फार मोलाची वाटते, कारण शाळेला जितकी घरे ठाऊक असतात तितकी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला नसतात. सभासद निवडतानाही बड्या धनिकांपेक्षा रोज गरिबांशी ज्यांचा संबंध येतो अशा मध्यम स्थितीच्या माणसांवर, म्हणजे तांदूळवाला, औषधवाला यांसारख्या लहान दुकानदारांवर, त्यांनी भर दिला. कोणाच्या घरी तांदूळ कमी जाऊ लागला हे तांदूळवाल्याला आधी कळते. एल्बरफेल्डच्या पद्धतीत चौकशी करणारा वरून खाली येत होता. ओसाकात तो शेजारच्या दुकानातून येऊ लागला.

दहा वर्षांत ही व्यवस्था जपानभर पसरली. आणि मग या बिनपगारी माणसांनी एक असे काम केले, ज्याची नोंद प्रत्येक समाजसेवकाने ठेवावी. घरोघर फिरताना त्यांना कळून चुकले की, वस्तीतील वर्गणीने व दानाने ही भूक भागणारी नाही. सरकारने कायदाच केला पाहिजे. 1929 साली निर्वाह-साहाय्याचा कायदा संमत झाला. त्यात पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्ध, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि अपंग यांचा समावेश होता. परंतु पैसा नाही या सबबीवर तो कागदावरच राहिला. तेव्हा 1931 च्या फेब्रुवारीत 1,116 होमेन सभासदांनी आपल्या सह्यांचा अर्ज थेट सम्राटाकडे धाडला. 1 जानेवारी 1932 पासून कायदा अमलात आला. स्वयंसेवा ही सरकारच्या जबाबदारीला पर्याय नसते, हे ज्यांनी स्वतः स्वयंसेवा केली त्यांनीच येथे सिद्ध केले.

पुढे युद्ध आले आणि हीच माणसे युद्धाच्या यंत्रणेस जुंपली गेली. शेजाऱ्याला ओळखणारी संस्था सत्तेच्या हाती किती सहज वापरली जाते, याचे हे उदाहरण विसरता कामा नये. पराभवानंतर, 1946 साली, त्यांचे नाव बदलून 'मिन्सेइ इइन', म्हणजे लोकांच्या जीवनमानाची काळजी वाहणारे सभासद, असे ठेवण्यात आले. 1948 साली त्यांचा स्वतंत्र कायदा झाला. 1950 साली साहाय्य मंजूर करण्याचा अधिकार पगारी, प्रशिक्षित अधिकाऱ्यांकडे गेला आणि मिन्सेइ सभासदाकडे सहकार्याचे काम उरले. स्ट्रासबुर्गने 1905 साली केलेला तोच विभाग. आपल्या शब्दाखातर कोणाची भाकरी अडणार नाही, म्हणून सभासद आता अधिक मोकळेपणाने शेजारी म्हणून दारात उभा राहू शकला. एल्बरफेल्डमधील पहारेकऱ्याचा काटा काही अंशी तरी अशा रीतीने बोथट झाला.

वृद्धांचा प्रश्न ऐरणीवर आणण्याचे श्रेयही पुष्कळ अंशी यांचेच. 1963 साली जपानने वृद्धकल्याणाचा कायदा केला खरा. पण घराघरांतून अंथरुणावर पडून असलेले वृद्ध किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1968 साली सुमारे 1,30,000 मिन्सेइ सभासदांनी देशभर दारोदार जाऊन मोजणी केली. सत्तरी ओलांडलेले दोन लाखांहून अधिक वृद्ध अंथरुणाला खिळलेले आढळले. त्यांची शुश्रूषा बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा स्वतःच थकलेली पत्नी करीत होती. जे दुःख घराच्या चार भिंतींत होते, ते त्या मोजणीने राष्ट्रापुढे आले.

1972 साली कोरियामा शहरात एक लहान गोष्ट घडली. याकुल्ट हे दुधाचे पेय घरोघर पोहोचविणारी एक स्त्री. एकटा राहणारा एक वृद्ध कोणी जवळ नसताना मरण पावल्याचे तिने ऐकले आणि ती हळहळली. स्वतःच्या पैशाने ती एकट्या वृद्धांना पेयाची बाटली देऊ लागली. बाटली हे निमित्त. त्या निमित्ताने दार उघडे आणि चेहरा दिसे. ते पाहून तेथील विक्रेते, मिन्सेइ सभासद आणि नगरपालिका पुढे आले आणि तो उपक्रम अन्य नगरांतही पोहोचला. आमच्या गल्लीतील पेपरवाल्या मुलाने त्या सकाळी नकळत केले ते हेच.

या सेवेची कसोटी संकटात लागली. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे परिसरात भूकंप झाला. बेघर झालेल्या वृद्धांना तात्पुरत्या वसाहतींत घरे मिळाली, पण ती चिठ्ठ्या टाकून, जुना शेजार मोडून. पुढील पाच वर्षांत त्या वसाहतींत दोनशेंहून अधिक माणसे एकाकी मृत्यू पावली. छप्पर मिळाले आणि शेजार गेला, तर काय होते याचा हा धडा होता. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत 56 मिन्सेइ सभासदांनी प्राण गमावले. त्यांतील कित्येक आपल्या यादीतील वृद्धांना हलविण्यासाठी गेले होते. त्यानंतर सभासदांना पहिली सूचना अशी देण्यात येऊ लागली की, आधी स्वतःचा जीव वाचवा.

आणि आज? जपानात दर दहा माणसांत जवळजवळ तिघे पासष्टी ओलांडलेले आहेत. 2022 च्या डिसेंबरात मिन्सेइ सभासदांच्या नव्या नेमणुका झाल्या. सुमारे 2,40,000 जागांपैकी 15,000 हून अधिक रिकाम्या राहिल्या. जे आहेत त्यांतील पुष्कळ स्वतःच सत्तरीच्या आसपासचे. पगार नाही, मुदत तीन वर्षांची, ऐकलेले गुपित बाहेर न सांगण्याचे कायदेशीर बंधन. आणि घरे किती? मोठ्या शहरांत एका सभासदामागे 220 ते 440 कुटुंबे, लहान गावांत 70 ते 200. यांतील प्रत्येक घर अडचणीत असते असे नाही, हे खरे. तथापि एल्बरफेल्डचा चार कोठे आणि हे शेकडे कोठे! कल्पना टिकली, संस्था टिकली, कायदाही झाला. मात्र जो आकडा या साऱ्याचा प्राण होता, तो हातातून निसटला. हे पाहिल्यावर मला वाटते की, त्या रिकाम्या जागांचे कारण लोकांच्या आटलेल्या मायेत शोधण्यापूर्वी आपण त्यांच्यापुढे टाकलेल्या भागाकारात शोधावे. चार घरांना हो म्हणणारी माणसे पुष्कळ मिळतील. चारशे घरांना हो म्हणणारा विरळा.

आता आपल्याकडे वळू. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्या माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. 2007 साली आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा झाला आणि मुलांवर बंधन आले. ते आवश्यकच होते. पण कायदा निर्वाहाचा खर्च देववू शकतो, पायरीवर पडलेला पेपर पाहू शकत नाही. आमच्या बेळगावसारख्या गावांतून मुले पुण्यास, बंगळुरास, परदेशी जातात. त्यांनी जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांना गणित शिकवून मीच तर पाठविले. ज्या घरांतून ती गेली, त्या घरांकडे पाहण्याचे काम मात्र मागे राहिलेल्यांवर येते.

आपल्या भाषेत शेजारधर्म असा सुंदर शब्द आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळींत 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह स्थापन केलेली, संत व्हिन्सेंट द पॉल यांचे नाव धारण करणारी संस्था आहे. तिचे सभासद आजही जोडीने गरिबांच्या घरी भेटीस जातात. मंदिरांची, मशिदींची, तालमींची, महिलामंडळांची माणसेही हे करीत असतात. भावना कोठेच उणी नाही. उणी असते ती वाटणी: कोणत्या घरी, कोणी, कोणत्या वारी जावयाचे.

या साऱ्या इतिहासातून मी माझ्यापुरते तीन नियम काढले आहेत. पहिला, घरे थोडी घ्यावीत आणि ती नावानिशी ठरवावीत. दुसरा, भेटीचा दिवस ठरलेला असावा. दया जेव्हा येईल तेव्हा जाऊ, असे म्हणू नये, कारण दयेला वेळापत्रक नसते आणि न्हाणीघरात पडलेल्या माणसाला वाट पाहण्याइतका वेळ नसतो. तिसरा, जेथे काम निवृत्तिवेतनाचे, रुग्णालयाचे, सरकारचे आहे, तेथे शेजाऱ्याने स्वतःच्या खिशातील दोन रुपये देऊन सरकारला मोकळे करू नये. त्या 1,116 जपानी माणसांप्रमाणे अर्ज लिहावा, पाठपुरावा करावा. आणि जाता-येता एवढे ध्यानी ठेवावे की, आपण दाराशी येतो ते विचारपूस करण्यास, हजेरी घेण्यास नव्हे.

आमच्या गल्लीत चौतीस घरे आहेत. एकट्या-दुकट्या वृद्धांची घरे मोजली तेव्हा ती अकरा भरली. अकरास चाराने भागिले तर तीन माणसे लागतात. गणित इतके सोपे निघाले याचीच मला खंत वाटली. औषधदुकानाचे मालक, शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आणि मी, असे तिघे आम्ही तयार झालो. पेपरवाल्या मुलाकडे माझा फोन क्रमांक दिला आहे. सलग दोन दिवस पेपर उचलला गेला नाही तर त्याने कळवावे, एवढेच त्याला सांगितले. तो म्हणाला, "टीचर, दोन दिवस कशाला? एकच दिवस बघतो."

बाई आता काठी घेऊन चालतात. माझ्या वाट्याच्या चार घरांत त्यांचे घर आहे. माझा वार बुधवार. गेल्या बुधवारी मला शाळेतून निघावयास उशीर झाला, तर त्याच दारात उभ्या राहून माझी वाट पाहत होत्या. मी जवळ जाताच म्हणाल्या, "आज उशीर केलास गं. बरी आहेस ना?"